पद्मिनीला फियाट म्हणणाऱ्यांच्या बाजूने

आमच्याकडे पद्मिनीला कुणी पद्मिनी म्हटलंच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा. गाडी डॉक्टरांची असो, वकिलांची असो की सावद्याच्या एखाद्या केळीवाल्या आप्पांची, ती 'फियाट'च. नाकावर प्रीमियर, डिकीवर पद्मिनी, आरसी बुकात प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि दारात येऊन थांबली की पोरं ओरडायची, "फियाट आली!" कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव काढून आधी प्रेसिडेंट ठेवलं, मग १९७४ पासून पद्मिनी. पुढे पंचवीसेक वर्षं ती त्याच नावाने विकली. खानदेशाने ते बारसं काही मान्य केलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरातली बातमी वाचून आमच्या नानांनी मला विचारलं, "ही पद्मिनी म्हणजे कोणती रे? आपली फियाटच ना?" नानांच्या स्वतःच्या अंगणात १९८६ सालची एक उभी आहे, तरीही.

हे आठवायचं कारण म्हणजे दर रविवारी सकाळी अजिंठा चौफुलीजवळच्या टपरीवर जमणारं आमचं गाडीवेड्यांचं टोळकं. एक बँकेतला, दोघं शेतकरी, एक सोन्याच्या पेढीवर कामाला असलेला, एक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा आणि मी. मागे बँकवाल्याने एमजीची हेक्टर घेतली आणि पेढे आणले. पोरग्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "भारी आहे दादा, पण रिबॅज आहे." झालं. सराफ बाजाराच्या गावात बायकोच्या गळ्यातल्या पोतीला कुणी बेन्टेक्स म्हणावं, तसा बँकवाल्याचा चेहरा उतरला.

रिबॅज म्हणजे दुसऱ्याची गाडी घ्यायची, नाकावरचा बिल्ला बदलायचा, जमलं तर जाळी आणि दिवे थोडे वेगळे करायचे आणि आपल्या नावाने विकायची. मारुतीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये जाऊन ग्लान्झा होते. टोयोटाची हायक्रॉस मारुतीकडे येऊन इन्व्हिक्टो होते. रेनॉची डस्टर निसानकडे टेरानो होती. यात कुणाचा फारसा जीव अडकत नाही. जीव अडकतो तो इटालियन आणि अमेरिकन नावांत. फियाट, लान्सिया, अल्फा रोमिओ, जीप, शेवरोले, कॅडिलॅक या नावांभोवती लहानपणापासून काहीतरी साठलेलं असतं, आणि त्या नावाखाली परक्याची गाडी निघाली की दर्दी माणसाला देवघरात कुणी चपला घालून शिरल्यासारखं वाटतं. तो राग मला कळतो. माझंही अर्धं आयुष्य त्याच रागात गेलं. पण आता मला वाटतं की आपण तो चुकीच्या माणसावर काढतो. बिल्ला कुणी बदलला यापेक्षा गाडीची सोयरीक कुणी लपवली आणि नावाचे पैसे घेऊन कोण पसार झालं, हे विचारायला हवं.

शुद्ध रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी पद्मिनीचंच घराणं तपासावं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली. फियाटच्या आधी कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जुळवल्या जात: डॉज, प्लिमथ, डी सोटो. आज व्हिंटेज रॅलीत त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना सांगायला हवं की डॉज किंग्जवे, प्लिमथ सव्हॉय आणि डी सोटो डिप्लोमॅट या मुळात एकच गाडी होत्या. अमेरिकेत ठरलेलं, डेट्रॉइटमध्ये छापलेलं रिबॅज. सत्तर वर्षं उलटली की त्याचंच व्हिंटेज होतं.

वालचंदांचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवाटेने जातो. धुळ्याहून तासाभरावर, मालेगावच्या पलीकडे, रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच. पान पसंदच्या गोळ्या तिथल्या. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतल्या. जमीन, इमारती, यंत्रं मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. म्हणजे नाव गेलं, गाव राहिलं. आता रावळगावची गोळी रावळगावची का, याचं उत्तर तुम्ही जिभेला विचाराल की कागदाला? गाडीचंही तेच आहे, फक्त गाडीला कर्ज काढावं लागतं.

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं उदाहरण जीपचं. आमच्याकडे जीप हा शब्द कंपनीचा नाहीच. काळी-पिवळी जीप म्हणजे शहाद्याहून धडगावला, चोपड्याहून यावलला, आत दहा, मागे लटकून चार आणि टपावर बोचकी घेऊन जाणारी कुठलीही उंच गाडी. तिच्या अंगावर महिंद्रा लिहिलेलं असो की टेम्पो ट्रॅक्स, ती जीपच. आता महिंद्राचा तर या नावावर हक्कच म्हणावा असा. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप जुळवायला घेतल्या आणि पुढे कित्येक दशकं त्याच पत्र्याच्या, त्याच सापळ्याच्या गाड्या बनवल्या. मूळ अमेरिकन जीप अमेरिकेत कधीच बदलून गेली; तिचा जुना चेहरा टिकला तो आपल्याकडे, पंचायत समितीच्या आवारात आणि पोलीस ठाण्यांच्या दारात.

मग २०१८ मध्ये महिंद्राने तोच चेहरा घेऊन अमेरिकेत, खुद्द मिशिगनमध्ये, रॉक्सर नावाची गाडी बनवायला घेतली. फक्त शेतात आणि रानात चालवायची. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट क्रायस्लरने, तक्रार केली की ही आमच्या जीपची नक्कल आहे. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती मानली. महिंद्राला नाक बदलावं लागलं, तेव्हा कुठे नव्या चेहऱ्याची गाडी सुटली.

आणि याच काळात खरी, कायदेशीर, बिल्ला लावलेली जीप कुठे बनत होती? रांजणगावला. अष्टविनायकाला जाताना महागणपतीचं दर्शन घेऊन आपण हायवेला लागतो, तिथल्या एमआयडीसीत. २०१७ पासून तिथे जीप कंपास बनते आणि तिथून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान अशा उजव्या स्टिअरिंगच्या देशांत गेली. कारखाना फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला. गाडीचा सांगाडा फियाटच्या घराण्यातला. डिझेल इंजिन फियाटचं, १९५६ सीसीचं मल्टिजेट. म्हणजे इटालियन हाडामांसाची, मराठी मातीत जुळवलेली गाडी ही अस्सल अमेरिकन जीप. आणि विलीजच्या पत्र्याशी थेट नातं सांगणारी, अमेरिकेतच जुळवलेली गाडी ही नक्कल. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकाल बरोबर असतील. पण मग 'अस्सल' या शब्दाने दर्दी माणूस जे काही म्हणू पाहतो, ते बिल्ल्यात बसत नाही एवढं तरी मान्य करावं लागेल.

तेच १९५६ सीसीचं इंजिन टाटांच्या हॅरिअरमध्ये गेलं आणि तिथे त्याचं नाव क्रायोटेक झालं. तेच बँकवाल्याच्या हेक्टरच्या डिझेलमध्ये गेलं. आता हेक्टरची कुंडली मांडतो, कारण त्या रविवारी मी ती पेपरच्या समासावर काढून दाखवली होती. बिल्ला इंग्लंडच्या जुन्या एमजीचा. मालकी चीनच्या साइक कंपनीची. गाडी मुळात चीनमधली बाओजुन ५३०. इंजिन इटालियन. कारखाना गुजरातमधल्या हालोलचा, जिथे आधी जनरल मोटर्स शेवरोले बनवत असे. आणि दक्षिण अमेरिकेत व थायलंडमध्ये हीच गाडी शेवरोले कॅप्टिव्हा या नावाने विकली गेली. अमेरिकन कंपनी हालोल सोडून गेली, तिच्या जागी चिनी कंपनी आली, आणि त्या चिनी गाडीला दुसऱ्या देशात अमेरिकन कंपनीनेच आपलं नाव दिलं. पेढीवरचा माणूस हे ऐकून एवढंच म्हणाला, "भो, हा तर आतेमामेभावांचा गोतावळा निघाला."

इटलीत मात्र हा विषय सरकारपर्यंत जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये अल्फा रोमिओने एका नव्या छोट्या गाडीला मिलानो नाव दिलं. गाडी बनणार पोलंडमध्ये. इटलीच्या मंत्र्यांनी हरकत घेतली की इटलीबाहेर बनलेल्या मालाला इटालियन नाव देऊन गिऱ्हाइकाची दिशाभूल करायला आमच्या कायद्यात मनाई आहे. कंपनीने आठवड्याच्या आत नाव बदलून ज्युनिअर केलं. पुढच्याच महिन्यात लिव्होर्नोच्या बंदरात मोरोक्कोहून आलेल्या १३४ फियाट तोपोलिनो अडकवून ठेवल्या, कारण त्यांच्या दारावर इटलीच्या झेंड्याची बारकी चिकटपट्टी होती. गाडीला नाही, पट्टीला हरकत. पट्टी काढायची ठरली.

मला या दोन्ही गोष्टी वाचून हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. हेवा याचा की नाव आणि माल यांचं नातं खरं असावं, हे कुणीतरी गांभीर्याने घेतंय. हसू याचं की त्याच सुमारास नेपल्सजवळच्या पोमिल्यानो द'आर्कोच्या कारखान्यातून अल्फाची तोनाले डॉज हॉर्नेट नावाने अमेरिकेला जात होती, अमेरिकन गाडी म्हणून. त्यावर इटलीत कुणाचा झेंडा दुखावला नाही. आपलं नाव परक्या मालावर लागलं तर फसवणूक. आपला माल परक्या नावाने खपला तर निर्यात.

आता दर्दी लोकांची बाजू. ती कमकुवत नाही. लान्सियाचं काय केलं ते पाहा. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं कंपन्यांचं विजेतेपद घेणारं हे नाव. त्यांच्या थीमा नावाच्या जुन्या गाडीत एके काळी फेरारीचं व्ही-८ इंजिन बसवलेलं होतं. २०११ मध्ये फियाट आणि क्रायस्लर एकत्र आल्यावर त्याच थीमा नावाने युरोपात जी गाडी विकायला काढली, ती होती अमेरिकन क्रायस्लर ३००. आणि उलट इंग्लंडमध्ये, जिथून लान्सिया १९९४ लाच निघून गेली होती, तिथे लान्सियाच्या डेल्टा आणि इप्सिलॉनवर क्रायस्लरचा बिल्ला ठोकला. डॉज जर्नी फियाट फ्रीमाँट झाली. गाड्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण थीमा या नावासाठी मोजलेले जादा पैसे कशाचे होते? ज्या इतिहासाशी त्या गाडीचा संबंध नव्हता, त्याचे. असंच कॅडिलॅकने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. शेवरोलेच्या साध्या कॅव्हेलिअरला चामड्याच्या सीटा लावून सिमारॉन म्हणून बऱ्याच चढ्या भावाने विकली. अमेरिकेत आजही त्या गाडीचं नाव काढलं की लोक डोक्याला हात लावतात. आणि अल्फाची आर्ना तर आमच्या टोळक्याचा कायमचा विनोद आहे: १९८३ ची गाडी, अंग निसानचं, इंजिन अल्फाचं. घ्यायला हवं होतं देखणेपण अल्फाचं आणि भरवशाचं इंजिन निसानचं; सोयरीक करताना दोन्ही घरांनी नेमकं उलटं घेतलं.

हे तिन्ही राग रास्त आहेत. पण तिन्हींत एक गोष्ट समान दिसते. गिऱ्हाइकाने नावाचे पैसे दिले आणि नावाने त्याला काहीच दिलं नाही. जिथे नाव काहीतरी देतं तिथे मला तक्रार दिसत नाही. २०१९ मध्ये ग्लान्झा आली तेव्हा बलेनोला दोन वर्षांची वॉरंटी होती आणि ग्लान्झाला तीन वर्षांची, एक लाख किलोमीटरपर्यंत. बिल्ल्याच्या बदल्यात काहीतरी हातात पडत होतं. मग ती गाडी मारुतीची असल्याचं सांगून कुणाला हिणवण्यात काय अर्थ?

आणि सोयरीक उघड असली तर ती मालकाला किती तारून नेते, हे आमच्या फिटर अण्णांकडे एक दुपार बसलात तर कळेल. अण्णा एमआयडीसीत गॅरेज चालवतात. गाडी आत आली की मालक नाव सांगायला लागतो, अण्णा हात वर करतात: "नाव काहीबी ऱ्हावो भाऊ, इंजन कोनं शे ते सांग." फियाटचं १२४८ सीसीचं छोटं मल्टिजेट म्हणजे अण्णांचं पोटापाण्याचं साधन. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं, डीडीआयएस नावाने. मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटांच्या व्हिस्टा आणि मांझात ते क्वाड्राजेट झालं. शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉयमध्ये स्मार्टेक. फियाटच्या स्वतःच्या पुंटो, लिनियात मल्टिजेट. एकेका कंपनीच्या जाहिरातीत ते जणू त्यांच्याच अंगणात उगवलेलं. अण्णांच्या बाकावर मात्र ही सगळी इंजिनं शेजारी शेजारी उघडी पडलेली असतात आणि टायमिंग चेनचं किट कोणत्या डब्यातून काढायचं यात फरक फारच थोडा. इंजेक्टर, पंप, फिल्टर, थोडी जमवाजमव. देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे लोक त्याला. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि ते बंद झालं, पण आजही एमएच १९ च्या, म्हणजे जळगाव पासिंगच्या, निम्म्या जुन्या टॅक्सींत तेच धडधडत असेल असं अण्णांचं म्हणणं. अण्णा आकडे फुगवतात, एवढं लक्षात ठेवून घ्या.

फियाटने २०१९ च्या सुमारास आपल्याकडे गाड्या विकणं बंद केलं. अमळनेरला माझ्या मेहुण्याकडे लिनिया होती, अजून आहे. त्याला इंजिनाची काळजी कधी करावी लागली नाही, कारण स्विफ्ट गावोगाव होती आणि स्विफ्टचा माल तालुक्याच्या दुकानात मिळत होता. एका इटालियन गाडीचा जीव जपानी नावाच्या गाडीने वाचवला, कारण दोघींचं काळीज एकाच घरचं. आमच्यातल्या शुद्धतावाद्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, पण मग फियाटची मजा काय राहिली? मजा स्टिअरिंगमध्ये राहिली, दाराच्या जड आवाजात राहिली. ती मेहुणा आजही घेतोय.

आता दुसरी बाजू माझीच. काही वर्षांपूर्वी मी एक परदेशी नावाची गाडी सेकंडहॅण्ड घेतली. नाव मुद्दाम सांगत नाही. घेतली ती नावासाठीच, खोटं कशाला बोलू. वर्षभरात त्यांचं जवळचं शोरूम बंद झालं. मग क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गेला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, ऑर्डर टाकतो. तीन महिने ऑर्डर टाकलेलीच होती. गाडी अण्णांच्या शेडमागे लिंबाखाली उभी, काचेवर पक्ष्यांची कृपा. एके दिवशी अण्णांनी तो जुना भाग हातात घेऊन उलटसुलट केला, मागच्या बाजूचा नंबर पुसून पाहिला आणि पोराला नवीपेठेत पाठवलं. पोरगा अर्ध्या तासात नवा घेऊन आला. दुसऱ्याच एका कंपनीच्या गाडीचा, डब्यावर वेगळं नाव, आत तोच भाग. सर्व्हिस सेंटरवाल्यांना हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. गाडी रिबॅज होती म्हणून माझे तीन महिने गेले नाहीत. ती कुणाची बहीण आहे हे मला कुणी सांगितलं नाही म्हणून गेले.

शेवरोलेची गोष्ट तर खानदेशातल्या निम्म्या ट्रॅव्हल्सवाल्यांना तोंडपाठ आहे. २००४ ची टवेरा मुळात इसुझूची. स्पार्क ही देवूची मॅटिझ. ऑप्ट्रा देवूची लासेटी. बिल्ला अमेरिकेचा, गाड्या जपान-कोरियाच्या. टवेराने शिर्डी आणि सप्तशृंगीच्या गडाच्या किती फेऱ्या मारल्या त्याची गणतीच नाही, आणि गाडी होती दणकट. २०१३ मध्ये कंपनीने प्रदूषण चाचणीतल्या गडबडीवरून १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. २०१७ च्या अखेरीस कंपनीने आपल्याकडे गाड्या विकणंच थांबवलं, आणि तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. त्या दिवसांत जुन्या बाजारात या गाड्यांचे भाव कसे कोसळले ते ज्याच्या दारात टवेरा होती त्याला विचारा. तिच्या इसुझूपणाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी बिल्ल्यांवर बंदीची नाही. मला शोरूममध्ये गाडीच्या काचेवर एक कागद हवा. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने असा कागद सक्तीचा केला. गाडीत अमेरिकन आणि कॅनेडियन भाग किती टक्के, इंजिन कुठल्या देशातलं, गिअरबॉक्स कुठली, गाडी कुठे जुळवली, हे सगळं गिऱ्हाइकाला दारातच वाचता येतं. आपल्याकडे असा कागद मी कुठल्याही शोरूमच्या काचेवर पाहिलेला नाही. त्यावर आणखी दोन ओळी मी वाढवीन. ही गाडी कोणत्या कोणत्या नावांनी कुठे विकली जाते. आणि ही कंपनी गेली तरी किती वर्षं भाग मिळतील, ते कोण देईल. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत. त्याच वाटेने हा कागदही येऊ शकतो.

यावर शोरूमवाले हमखास म्हणतात, इथल्या गिऱ्हाइकाला एवढं काही कळत नाही, गोंधळ उडेल. हे वाक्य मी तीन जिल्ह्यांत ऐकलंय. ज्यांना हे वाटतं त्यांनी दत्तजयंतीला सारंगखेड्याला यावं. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. विकणारा घोड्याला काय काय नावं देतो, अंगावर झुली टाकतो, नाचवून दाखवतो. घेणारा म्हातारा नाव ऐकतो, मान डोलावतो आणि घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. मग अंगावरचे भोवरे, मग चाल, मग आईबाप कुणाचे याची चौकशी. नावाचं कौतुक त्यालाही असतं, पण सौदा दातांवर होतो. त्याला गाडीच्या काचेवरच्या पाच ओळी झेपणार नाहीत?

आणि आपल्या केळीचंच घ्या ना. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आपण सगळे खूश झालो, कारण नाव आणि माती यांची गाठ कागदावर पक्की झाली. परजिल्ह्यातली केळी कुणी वाईट म्हटली नव्हती. ती जळगावची म्हणून विकू नका, एवढंच म्हणणं होतं. जो माणूस केळीच्या घडाबाबत एवढा आग्रही आहे, त्याने पंधरा-वीस लाखांच्या गाडीबाबत का नसावं? पोरगा म्हणाला, मग केळीच्या न्यायाने तर रिबॅज बंदच व्हायला हवं. तसं नाही. केळ मातीत होतं. गाडी आता कुठल्याच एका मातीत होत नाही. तिचा सांगाडा एका देशात, काळीज दुसऱ्या देशात, आणि नाव तिसरीकडे. अशा गाडीला एकच गाव विचारणं व्यर्थ. सगळी गावं विचारावीत. लिहून घ्यावीत.

बँकवाल्याने हेक्टर परत केली नाही, करायचं कारणही नव्हतं. उलट तो आता वंशवृक्ष लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या खणात ठेवतो आणि पेट्रोल पंपावर अनोळखी लोकांना दाखवतो. पोरग्याने मात्र पुढच्याच रविवारी वाद उकरून काढला: "ओरिजिनल ते ओरिजिनल." मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं, म्हणून त्याला घेऊन नानांकडे गेलो. योगायोगाने त्या दिवशी नाशिकहून एक जुन्या गाड्यांचा संग्राहक नानांची फियाट पाहायला आला होता.

संग्राहक जाणकार होता. त्याने खाली वाकून चेसिस पाहिली, दारांचे रबर चाचपले, स्टिअरिंगवरचा गिअर टाकून पाहिला, चेहरा खुलत गेला. मग तो गाडीच्या समोर आला आणि थबकला. "काका, हा बिल्ला ओरिजिनल नाही. याच्यावर फियाट लिहिलंय. ८६ च्या गाडीला प्रीमियरचा पाहिजे." नानांनी तो गोल बिल्ला ऐंशीच्या दशकात मुंबईला मुद्दाम जाऊन चोरबाजारातून आणला होता, प्रीमियरचा उपटून तिथे बसवला होता, कारण त्यांच्या लेखी तोच खरा होता. संग्राहक म्हणाला, मूळ बिल्ला असेल तर भाव वेगळा, नसेल तर पाच हजार कमी. पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

आम्ही माळ्यावरून नटबोल्टचा डालड्याचा डबा काढला. प्रीमियरचा बिल्ला त्यात नव्हता. डिकीवरचं 'पद्मिनी' तेवढं सापडलं, मधोमध वाकलेलं. संग्राहकाने ते फडक्याने पुसून नानांसमोर धरलं. नानांनी चष्मा वर केला, वाचलं आणि मला म्हणाले, "त्याला सांग, इथे फियाट विकायची आहे. पद्मिनी पाहिजे असेल तर दुसरीकडे बघ म्हणावं."